रिपोर्ट नॉर्मल, पण छातीवरचं दडपण खरं

प्रश्न : मी मूळची सांगलीची. नोकरीसाठी ह्यूस्टनला आले आणि इथेच लग्न केलं. नवरा मेक्सिकन कुटुंबातला, जन्म टेक्सासचा, बांधकामावर सुपरवायझर आहे. 2020 च्या जुलैत माझे सासरे कोविडनं गेले, मॅकॅलनच्या एका रुग्णालयात. फादर्स डेला आम्ही तिकडे जाऊन आलो होतो, तेव्हा ते ठणठणीत होते. शेवटचं बोलणं झालं ते नर्सनं धरलेल्या फोनवर. अंत्यविधीला मोजकी माणसं, नऊ दिवसांची प्रार्थना झूमवर. नवरा लगेच कामावर हजर झाला. रडला नाही, अजूनही नाही.

त्या वर्षाअखेरीपासून तक्रारी सुरू झाल्या. छातीवर दडपण, पोटात आग, डोकं ठणकणं, हातांना मुंग्या. दोनदा रात्री इमर्जन्सीत नेलं. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, एंडोस्कोपी, सगळं नॉर्मल. कामावरून आला की घरासमोर ट्रकमध्येच बसून राहतो, बोटाला ऑक्सिमीटर लावून. सासऱ्यांचा फोन स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही. वडिलांचा विषय निघाला की उठून बाहेर जातो. विचारलं तर एकच उत्तर, ‘नो पासा नादा’, काही झालेलं नाही. सासूबाई आता आमच्याकडे असतात. त्या म्हणतात हे ‘नेर्वियोस’ आहे, म्हणजे नसांचा त्रास. त्याला कॅमोमाइलचा चहा देतात, अंगावरून अंडं उतरवतात, पोटासाठी कुठलीशी पिवळी पूड मागवायची म्हणतात. माझी आई फोनवर सांगते, दृष्ट काढ. डॉक्टर म्हणाले, स्ट्रेस आहे. ते ऐकून नवरा इतका चिडला की आता डॉक्टरकडे जायलाच तयार नाही. हे सगळे त्याच्या मनाचे खेळ आहेत का? मी त्याला बोलतं कसं करू? आणि सासूबाईंना थांबवू का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर :

नाही, मनाचे खेळ नाहीत. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तुमच्या घरात सध्या याच प्रश्नानं सगळ्यांत जास्त नुकसान केलंय. डॉक्टरांनी ‘स्ट्रेस आहे’ म्हटलं आणि तुमच्या नवऱ्याला ऐकू आलं, ‘तुला काही होत नाही, तू उगाच करतोस’. आयुष्यभर अंगमेहनतीचं काम केलेल्या, दुखलं तरी कामावर जाणाऱ्या माणसाला हे किती लागलं असेल! त्याची छाती खरोखर आवळते. हाताला खरोखर मुंग्या येतात. वेदना खरी आणि रिपोर्टही खरा, दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

कसं ते सांगते. नको असलेली आठवण, नको असलेली भावना आत येऊच नये म्हणून माणूस जे जे करतो, त्याला मानसशास्त्रात अनुभव टाळणं म्हणतात. स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये या कल्पनेची नीट मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं की दुःख, भीती, अपराधीपणा यांच्याशी अखंड झटापट करत राहण्यातून पुष्कळसा त्रास उभा राहतो. ही झटापट विचारांपुरती राहत नाही. ती अंगानं करावी लागते. जबडा आवळला जातो, खांदे चढतात, श्वास वरच्यावर आणि भरभर चालतो. अशा श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातून हातांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळल्यासारखी वाटते. ऑक्सिजन मात्र पुरेसा असतो. म्हणूनच ट्रकमध्ये बसलेल्या तुमच्या नवऱ्याच्या बोटावरचा ऑक्सिमीटर 98 दाखवत राहतो आणि छातीवरचं ओझं काही उतरत नाही. मानेचे स्नायू तासन्‌तास ताणलेले राहिले की डोकं ठणकतं. पोटाचं तर सगळ्यांनाच ठाऊक आहे, ताण आला की आधी तेच बिघडतं.

त्यात महामारी. एरवी छातीत जरा जड वाटलं तर माणूस म्हणेल, जेवण जास्त झालं. 2020 मध्ये तीच जाणीव म्हणजे मरणाची चाहूल होती, आणि ज्यानं बापाला त्याच लक्षणांनी जाताना पाहिलं त्याच्यासाठी ती अजूनही तशीच आहे. शरीरातली साधी हालचालसुद्धा धोक्याची वाटणं, मग सतत तिच्यावर लक्ष ठेवणं, लक्ष ठेवल्यानं ती आणखी जाणवणं, असं ते चक्र फिरतं. ऑक्सिमीटर लावला की दोन मिनिटं बरं वाटतं, म्हणून तो परत लावला जातो. मला हेही टाळणंच वाटतं. भीती सोसायची नाही, आकडा बघून घालवायची.

महामारीच्या काळात अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या कुटुंबांतल्या प्रौढांच्या बाबतीत संशोधकांनी नेमका हाच धागा धरला : आतलं टाळण्याची सवय आणि अंगाच्या तक्रारी यांचा संबंध. अशा अभ्यासांत शारीरिक तक्रारी मोजायला बहुतेकदा प्रश्नावली वापरतात. त्यातली एक प्रचलित प्रश्नावली 2002 ची, 15 तक्रारींची आहे. पोट, पाठ, छाती, धाप, धडधड, चक्कर, थकवा, झोप, आणि गेल्या 4 आठवड्यांत यातल्या कशाचा किती त्रास झाला. टाळणं जास्त तिथे तक्रारी जास्त, हे नातं वेगवेगळ्या समूहांत दिसलेलं आहे. पण ज्या अभ्यासात सगळं एकाच वेळी विचारतात, त्यातून काय आधी आणि काय नंतर हे कळत नाही. टाळल्यानं दुखतं हे खरं असेल, तसं रोज दुखणारा माणूस बोलणं, भेटणं, आठवणं टाळू लागतो हेही खरं असेल. म्हणून ‘तू मनातलं बोलत नाहीस म्हणून तुझी छाती दुखते’ असं त्याला चुकूनही म्हणू नका. ते तितकं सिद्ध नाही, आणि त्याच्या कानाला तो आरोपच वाटेल.

शिवाय त्यानं टाळलं नसतं तर काय केलं असतं, हाही विचार करा. त्या वर्षी टाळणं हे सगळ्यांचं कर्तव्य होतं. भेटू नका, मिठी मारू नका, रुग्णालयात येऊ नका. ज्यांना घरी बसून लॅपटॉपवर काम करता आलं त्यांना निदान रडायला खोली होती. लॅटिनो समाजातली असंख्य माणसं बांधकामावर, शेतात, मांस प्रक्रियेच्या कारखान्यांत, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत होती, आणि ती कामं थांबली नाहीत. टेक्सासमध्ये बांधकाम जवळपास सुरूच होतं. ऑस्टिनच्या परिसरात बांधकाम मजुरांचं कोविडनं रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण इतर कामगारांच्या सुमारे 5 पट होतं. 2019 ते 2021 या काळात अमेरिकेतल्या हिस्पॅनिक लोकांचं सरासरी आयुर्मान सुमारे 4 वर्षांनी घटलं. दवाखान्यात जायचीही भीती होती. बिलाची होतीच, कागदपत्रांचीही होती. सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडेल असा नियम 2020 च्या फेब्रुवारीत लागू झाला (तो 2021 मध्ये मागे घेतला गेला), आणि ज्यांना तो लागूच नव्हता अशांनीही त्याचा धसका घेतला. अशा दिवसांत बापाला पुरून आलेल्या माणसानं बूट घातले आणि साइटवर गेला. हप्ते भरले, आईला आणलं, घर चालवलं. त्या वेळी टाळण्यानंच त्याला उभं ठेवलं. मला त्याला दोष देणं जमत नाही. ते टाळणं आता त्याच्याकडून जास्तच किंमत घेतंय, एवढंच मी म्हणेन.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते. ते तुम्ही घाईनं लिहून पुढे गेलात. ‘फादर्स डेला आम्ही तिकडे जाऊन आलो होतो.’ 2020 चा फादर्स डे 21 जूनला होता. सासरे जुलैत गेले. तुमचा नवरा त्या महिन्यात रोज साइटवर जात होता. मी त्याला भेटलेले नाही, त्यामुळे हा माझा अंदाजच समजा. पण तो ज्या प्रश्नापासून पळतो आहे तो ‘बाबा गेले’ हा नसावा. ‘संसर्ग मीच नेला का?’ हा असावा. आणि तुम्हीही त्या गाडीत होतात. तेव्हा हा प्रश्न घरात कुणीच मोठ्यानं विचारला नसेल, तर मला त्यात नवल वाटत नाही.

याचं उत्तर कुणाकडेच नाही. जूनच्या शेवटी रिओ ग्रांदे व्हॅलीत, म्हणजे मॅकॅलनच्या भागात, साथ भडकतच होती. जुलैत तिथल्या हिडाल्गो काउंटीतली रुग्णालयं तुडुंब भरली, मृतदेह ठेवायला शीतगृहाचे ट्रक आणावे लागले. दुकानात, चर्चमध्ये, शेजारी, कुठूनही संसर्ग झालेला असू शकतो. पण हे सगळं त्याला समजावून सांगायची घाई करू नका. ‘तुझ्यामुळे झालं नाही रे’ असं पहिल्याच वाक्याला म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. त्याला वाटतं, हिलाही हे ऐकायचं नाहीये.

तुम्ही विचारलंत, बोलतं कसं करू. बोलतं करू नका. आधी तुम्ही बोला, स्वतःचं, एक-दोन वाक्यं. ट्रकमध्ये शेजारी जाऊन बसा. समोरासमोर टेबलावर नको, नजर चुकवायला जागा असलेली बरी. ‘मला कधी कधी तो फादर्स डे आठवतो. तेव्हापासून माझ्याही मनात एक प्रश्न आहे.’ एवढं म्हणा आणि थांबा. तो गप्प राहिला तर राहू द्या. उठून गेला तर जाऊ द्या, मागे जाऊ नका. दोन आठवड्यांनी पुन्हा एखादं वाक्य. रडला नाही म्हणजे दुःख झालं नाही असंही धरून चालू नका आणि त्याला रडवण्याचा प्रयत्न तर मुळीच नको. या घरात तो विषय काढता येतो आणि काढल्यावर घर कोसळत नाही, एवढं त्याला दिसायला हवं.

ड्रॉवरमधल्या फोनचं मात्र लवकर बघा. त्यात सासऱ्यांचे व्हॉइसमेल असतील, फोटो असतील. जुन्या फोनची बॅटरी फुगते, फोन कायमचा बंद पडतो, नंबरचा प्लॅन बंद झाला तर व्हॉइसमेलही जाऊ शकतात. त्याला सांगा की ऐकायचं नाही, उघडायचं नाही, फक्त कॉपी काढून ठेवू. त्याच्या होकाराशिवाय हात लावू नका. असा होकार हीसुद्धा त्या दुःखाजवळ टाकलेली पायरीच असते, आणि बऱ्याच जणांना अशीच एखादी हातानं करायची गोष्ट सोपी जाते.

डॉक्टरचं काय? एकदा जायला हवं, पण या वेळी वेगळ्या तयारीनं. नव्या फॅमिली डॉक्टरची वेळ घ्या, सगळे जुने रिपोर्ट एकत्र न्या आणि तीन गोष्टी स्पष्ट विचारा. पहिली, त्याला स्वतःला कोविड झाला होता का, आणि हे लाँग कोविड असू शकतं का. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे संसर्गानंतर 3 महिन्यांच्या सुमारास दिसणारी, किमान 2 महिने टिकणारी आणि दुसऱ्या कारणानं न उलगडणारी लक्षणं त्यात येतात. दमणं, धाप, धडधड हे सगळं त्यात बसतं, म्हणून हे तपासल्याशिवाय ‘स्ट्रेस’वर शिक्का मारणं चूक ठरेल. दुसरी, थायरॉइड, साखर, रक्तक्षय, झोपेत श्वास अडकणं हे पाहिलंय का. तिसरी, शिसं. बांधकामात जुन्या रंगातून आणि धुळीतून ते अंगात जाऊ शकतं. पोटदुखी, डोकेदुखी, मुंग्या ही त्याचीही लक्षणं आहेत.

शिसं म्हटल्यावर सासूबाईंच्या त्या पुडीवर यावंच लागतं. चहाला माझी हरकत नाही. तो रक्त पातळ करायचं औषध घेत असेल तेवढं डॉक्टरांना विचारा. अंडं उतरवण्यालाही हरकत नाही. आई आपल्या मुलाच्या कपाळावरून, खांद्यावरून हात फिरवते आहे, आणि बहुधा दिवसभरात त्याला कुणी मायेनं स्पर्श करतं ते तेवढंच. तुमची आई मीठ-मोहरी सांगतेय आणि सासूबाई अंडं, दोघींना काळजी एकच आहे. पूड मात्र थांबवा. पोटाच्या विकारांसाठी मेक्सिकन घरांत चालत आलेल्या ‘ग्रेता’ आणि ‘आसार्कोन’ नावाच्या पिवळ्या-नारिंगी पुडींत शिसं असतं, थोडंथोडकं नव्हे. अमेरिकेच्या आरोग्य खात्यानं त्यांबद्दल वारंवार इशारे दिलेत. सासूबाई म्हणतात ती हीच असेल असं नाही. पण आधीच आणलेली असेल तर पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा, आणि आणली नसेल तर आणू देऊ नका. त्यांना ‘अंधश्रद्धा’ म्हणून झिडकारू नका. शिश्याबद्दल सांगा, त्या ऐकतील.

आणि ‘नेर्वियोस’ हा शब्द त्या चुकीचा वापरत नाहीत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या निदान-पुस्तिकेत त्याची नोंद आहे. अंगदुखी, पोट, झोप, थरथर, चिडचिड, डोक्यातला गोंधळ हे सगळं त्यात एकत्र येतं, आणि आयुष्यात काहीतरी फार जड होऊन बसलंय हेही त्यातून सांगितलं जातं. डॉक्टरांसमोर हा शब्द वापरायला सांगा. तुमच्या नवऱ्याला ‘स्ट्रेस’नं अपमान वाटला, आईच्या तोंडचा शब्द कदाचित त्याला चालेल. सासूबाईंना सोबत नेणार असाल आणि त्यांना इंग्रजी अवघड जात असेल तर दुभाषी मागा. सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांनी तो मोफत द्यायचा असतो. घरातल्या मुलांना ते काम देऊ नका.

सगळं तपासून झालं, धोक्याचं काही निघालं नाही, की मग तपासण्यांना थोडा पूर्णविराम द्यावा लागेल. डॉक्टरांशी ठरवून घ्या की दर 4-6 आठवड्यांनी ठरलेली भेट, दुखो वा न दुखो. अशा नेमाच्या भेटींनी इमर्जन्सीच्या फेऱ्या कमी व्हायला मदत होते. ऑक्सिमीटरचंही तसंच. एकदम काढून घेऊ नका, तो बिथरेल. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, आणि छातीत आवळलं की आकड्याऐवजी आधी पाच मिनिटं सावकाश श्वास, सोडताना लांब. दुखणं सुरू व्हायच्या आधीच्या तासात काय घडलं तेवढं त्यानं फोनवर टिपून ठेवलं तर बरं. आईचा फोन, एखाद्या मजुराचं आजारपण, व्हॅलीकडे जाणारा रस्ता. पुढे उपचार करणाऱ्याला या नोंदींचा फार उपयोग होतो.

समुपदेशक शोधताना स्पॅनिश बोलणारा आधी पाहा. बापाशी तो ज्या भाषेत बोलायचा त्या भाषेत हे बोलायची सोय असावी. मात्र त्यानं इंग्रजी निवडली तर आग्रह करू नका. काहींना जिव्हारी लागलेली गोष्ट दुसऱ्या भाषेतच आधी बोलता येते. टाळणं कमी करण्यावर थेट काम करणाऱ्या पद्धती आहेत, हेज यांची स्वीकारावर आधारलेली उपचारपद्धती त्यातली एक. विचारा की त्यांना दीर्घकाळ न सुटलेल्या शोकावर काम करायचा अनुभव आहे का. 2022 पासून या शोकाची निदान-पुस्तिकेत वेगळी नोंद आहे, मोठ्यांमध्ये किमान 12 महिन्यांनंतर. त्याला तेच आहे की नाही हे तपासणाराच सांगेल. त्याचा विमा नसेल तर ह्यूस्टनमध्ये केंद्र सरकारच्या मदतीनं चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं आहेत. तिथे उत्पन्न पाहून फी घेतात.

थोडं प्रार्थनेबद्दल. नऊ दिवसांचा ‘नोवेनारियो’ म्हणजे रोज संध्याकाळी घर भरलेलं, जपमाळ, कॉफी, गोड पाव, आणि गेलेल्या माणसाच्या गोष्टी पुन्हा पुन्हा. हा शोक करायचा रिवाज तुमच्या घराच्या वाट्याला एका स्क्रीनवर आला, मध्ये मध्ये आवाज तुटत. सासूबाईंच्या मनात ते राहून गेलं असणार. येत्या जुलैत पुण्यतिथीची प्रार्थनासभा ठेवा, मॅकॅलनला किंवा घरीच, आणि नोव्हेंबरच्या 1-2 तारखांना, मेक्सिकन घरांतल्या मृतांच्या सणाला, सासऱ्यांसाठी ओफ्रेंदा, म्हणजे त्यांच्या आठवणीची वेदी मांडा. तिच्या लाकडी पायऱ्या नवऱ्याला करायला सांगा. बोलायला सांगू नका, फक्त करायला. फोटो कुठला लावायचा ते सासूबाईंना ठरवू दे. तो त्या वेळी बाहेर ग्रिलपाशी जाऊन उभा राहिला तरी बोलावून आणू नका. पायऱ्या त्याच्या हातच्या आहेत, तेवढं पहिल्या वर्षी पुष्कळ झालं.

धोक्याच्या खुणा मात्र विसरू नका. छातीतलं दुखणं नेहमीपेक्षा वेगळं असलं, घाम फुटला, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, शुद्ध हरपली तर 911, आणि ‘मागच्या वेळीही काही नव्हतं’ म्हणून थांबायचं नाही. दारू वाढली आहे का यावर लक्ष ठेवा. जगण्यात अर्थ नाही, मी नसलेलाच बरा, अशा अर्थाचं काही बोलला तर 988 या आत्महत्या रोखणाऱ्या मदतवाहिनीवर फोन करा. दिवसरात्र सुरू असतो, 2 दाबलं की स्पॅनिशमध्ये बोलतात, आणि जवळच्या माणसानं फोन केला तरी चालतो. पुण्यतिथीसाठी चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थनाविधी) सांगायची असेल तर तारीख आधी धरावी लागते. तो फोन सासूबाईंना करू द्या, आणि तारीख नवऱ्याच्या साइटच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्या, म्हणजे कामाचं निमित्त उरणार नाही.